तिकीट न निघालेला रोग

जगात आजवर जेवढे रोग झाले तेवढे सगळे माझ्या नणंदेच्या यजमानांनी पाहिले आहेत, आणि त्यांतला एकही माणसाच्या अंगावर पाहिलेला नाही. सगळे पोस्टाच्या तिकिटावर. हिवताप पाहिला तो डासाच्या चित्रात, देवी पाहिल्या त्या सुईच्या टोकाशी, आणि कुष्ठरोग पाहिला तो बोटं झडलेल्या पण सुबक काढलेल्या हातात. पन्नास वर्षं हा माणूस रोगांची तिकिटं जमवत होता. डॉक्टरांची, नर्सबाईंची, दवाखान्यांच्या इमारतींची, पोलिओच्या थेंबांची, लाल त्रिकोणाची, आणि कुठल्या कुठल्या देशांतली, ज्यांची नावं त्यांना वाचता येत नसत आणि मला ऐकवत नसत. मी त्यांना भावजी म्हणते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला जेवढं वैद्यकशास्त्र कळू नये तेवढं मला कळतं ते त्यांच्यामुळे, आणि त्याचा मला आयुष्यात एकदाही उपयोग झालेला नाही.

नोकरी म्हणाल तर ते इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्ट मोजायचे. पण व्हायचं होतं डॉक्टर. एका मार्काने हुकलं, असं ते सगळ्यांना सांगत. वन्सं, म्हणजे माझी नणंद, वेगळं सांगायच्या. कॉलेजात बेडूक कापायला दिला तेव्हा बेडूक टेबलावर उताणा आणि हे फरशीवर उताणे. मास्तरांनी आधी यांच्या तोंडावर पाणी मारलं. मला वन्संचं खरं वाटतं, कारण पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कारखान्यात रक्तदानाचं शिबिर होतं. भावजींनी आठ दिवस आधीपासून रक्तदानाचं तिकीट खिशात ठेवून, खात्याखात्यातून फिरून माणसं गोळा केली. लेथवाले आले, रंगवाले आले, गेटवरचा चौकीदार आला. घरच्यांनाही बोलावलं होतं म्हणून मी गेले होते. भावजी रांगेत दुसरे, बाही वर केलेली, चेहरा हुतात्म्याचा. पहिल्या माणसाच्या हातातून नळीत लाल रेघ चढताना दिसली मात्र, आणि ते दारातच आडवे झाले. त्यांना उचलायला जो लेथवाला धावला त्याचं दान त्या गडबडीत राहून गेलं. म्हणजे भावजींमुळे एक बाटली उलट कमीच भरली.

तिकिटं जमवणारे इंदुरात आणखीही आहेत. त्यांचे अल्बम देशवार असतात. भावजींचे अंगवार होते. सात अल्बम. पहिल्याची सुरुवात डोक्यापासून, सातव्याचा शेवट तळपायाला, मधे डोळे, दात, फुप्फुसं, हृदय, पोट, सगळं आपापल्या जागी. एकदा कुणी जमवणारे घरी आले आणि म्हणाले, भिया, ये तरीका ही गलत है, क्यूबा के साथ जापान कैसे बैठेगा? भावजी म्हणाले, ‘दोनों को टीबी है, बैठने दो.’ फक्त पहिलं पान कोरं होतं. वर सुवाच्य अक्षरात ‘डोकं’ असं लिहिलेलं आणि खाली काही नाही, कारण डोक्याच्या आजाराचं तिकीट त्यांना मिळालेलं नव्हतं. आमचे हे म्हणायचे, हे पान मात्र मालकावरून बेतलेलं दिसतं.

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक मोसंबी नेतात, नारळपाणी नेतात. भावजी त्या त्या रोगाचं तिकीट न्यायचे. चिमट्यात धरून भिंगाखाली दाखवायचे, त्यावरून रोगाची सगळी माहिती द्यायचे आणि तिकीट परत खिशात घालून घरी आणायचे. आता आमच्याकडे कुणी मरणाला टेकला की ‘टिकट कट गया’ म्हणतात. तेव्हा हे तिकीट घेऊन वॉर्डात शिरले की काय होत असेल ते बघा. आमच्या यांना हृदयाचा झटका आला तेव्हा भावजी हृदयाचं तिकीट घेऊन हजर. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘भिया, मेरा मत निकालना अभी.’ आमच्या यांनी तिकीट नीट निरखलं आणि विचारलं, ‘हे लावून मला कुठे पाठवायचा विचार आहे?’ सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. त्यानंतर हे अकरा वर्षं जगले, आणि गेले ते न्यूमोनियाने, ज्याचं तिकीट भावजींकडे त्या वेळी नव्हतं. भावजी ते अजून मनाला लावून घेतात.

इथपर्यंत चालण्यासारखं होतं. पण हळूहळू त्यांचं असं मत झालं की ज्या रोगाचं तिकीट कुठल्याच सरकारने काढलेलं नाही, तो मुळात रोगच नाही. माझे गुडघे धरले तेव्हा त्यांनी अल्बम उलटून पाहिला आणि सांगितलं, गुडघ्याचं तिकीट निघालेलं नाही वहिनी, वय आहे ते. त्यांच्या घरमालकांना मूळव्याधीने उठता-बसता येईना, त्यांनाही हेच. म्हणे एवढी एवढी सरकारं असतात, खरा रोग असता तर ती गप्प बसली असती का? मी म्हटलं, मूळव्याधीचं तिकीट काढलं तर ते चाटून पाकिटावर लावायला कोण तयार होईल? आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा दुसरा नियम असा की तिकीट कोरं नको. पोस्टाच्या खिडकीवरून आणलेल्या नव्या तिकिटाला ते हात लावत नसत. पाकिटावर बसून गावं हिंडलेलं हवं, तोंडावर शिक्का खाल्लेला हवा. ‘ज्याने काम केलं नाही त्याला पान नाही,’ असं म्हणायचे. त्यामुळे पाकिटावरून तिकीट सोडवणं हे त्या घरातलं मोठं काम. लग्नानंतर आधी ते स्वतः सोडवत आणि निम्मी फाडत. एकदा कुष्ठरोगाच्या एका तिकिटासाठी ते बसने बेटम्याला गेले, तिथल्या एका जुन्या मास्तरांकडून पाकिटाचा तुकडा मिळवला आणि दुमडू नये म्हणून जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून आणला. वन्संनी संध्याकाळी डबा नेहमीसारखा पाणी ओतून भिजत टाकला. भावजींना आठवण झाली तोवर तास उलटला होता. ते डोकं धरून बसले. वन्संनी डब्यात बोट घातलं आणि तिकीट बोटावर झेलून बाहेर काढलं. अख्खं. कडेचा एक दाता तुटलेला नाही. त्या दिवसापासून ते काम वन्संचं झालं.

दर रविवारी पोहे झाले की पितळी परात, कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. मीठ का, तर रंग सुटू नये म्हणून, असं भावजींचं शास्त्र. वन्सं म्हणायच्या, कसलं शास्त्र, हाताच्या सवयीने पडतं. मी एकदा शेजारी बसून एक तिकीट ओढायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, ‘ओढायचं नाही वहिनी. त्याला सुटायचं असतं तेव्हा ते सुटतं.’ सुटलेली तिकिटं जुन्या वर्तमानपत्रावर पालथी वाळत, आणि उरलेल्या भिजक्या पाकिटांवरून कचरागाडीशी भांडण होई. आमच्याकडे सकाळी गाडी गाणं वाजवत येते, आणि ओला-सुका वेगळा दिला नाही तर गाडीवाला घेत नाही. भिजलेलं पाकीट ओलं की सुकं? गाडीवाला म्हणे, माताजी, कागज है तो सूखे में. वन्सं म्हणत, हाथ लगा के देख, सूखा है क्या? मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत. शेवटी वन्संनी पाकिटं दोरीवर चिमटे लावून वाळवायला सुरुवात केली, आणि या घरात पत्रं धुतात अशी गल्लीत ख्याती झाली.

चार वर्षांपूर्वी वन्सं विसरायला लागल्या. आधी परातीत मीठ दोनदा पडलं, मग वरणात एकदाही पडलं नाही. एकदा आम्ही दोघी खजरान्याच्या गणपतीला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर मला विचारतात, ‘दादा कुठे राहिले? चपला सांभाळतायत का?’ दादा म्हणजे त्यांचे भाऊ, माझे हे, ज्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी सहसा खोटं बोलत नाही. त्या दिवशी हो म्हटलं, आणि दोघींच्या चपला मीच शोधून आणल्या.

घरी येऊन भावजींना सांगितलं की डॉक्टरला दाखवा. त्यांनी सातही अल्बम काढले, पान पान उलटलं आणि म्हणाले, नाही वहिनी, याचं तिकीट नाही, वय आहे. मी म्हटलं, बायको आहे ती भावजी, पाकीट नाही. भावजी पहिल्या अल्बमचं ते कोरं पान भिंगातून बघत बसले. आता मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं. ज्याला बेडकाचं पोट बघवलं नाही त्याला हे काय बघवणार? पण त्या वेळी मला फक्त राग आला. वर्ष गेलं त्यात. वन्सं आधी गल्ली चुकल्या, मग घरातल्या घरात खोली चुकल्या. हे आपले, वय आहे, वय आहे.

शेवटी मी माझ्या मुलाला फोन केला. तो परदेशात असतो. म्हटलं, या माणसाला डॉक्टर दाखवून उपयोग नाही, तिकीटच दाखवायला हवं. विसरण्याच्या रोगाचं कुठल्या देशाने काढलंय का बघ, आणि असलं तर पाकिटावर लावून, शिक्का मारून घेऊन, त्यांच्या पत्त्यावर पाठव. तो म्हणाला, आई, तू पण ना. पण दीड महिन्याने पाकीट आलं.

भावजी भर दुपारी तीन गल्ल्या चालत माझ्या दारात आले. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. हातात चिमटा, चिमट्यात तिकीट. तिकीट अर्थातच वन्संनीच सोडवून दिलं होतं. त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा होता. अर्धा नीट काढलेला, केस, कान, सुरकुत्या, सगळं. उरलेला अर्धा पांढरा, नुसता कागद. पाकिटावरचं अक्षर माझ्या मुलाचं होतं हे त्यांनी ओळखलं नसेल असं नाही.

‘वहिनी,’ ते दारातूनच म्हणाले, ‘तिकीट निघालंय.’

मी त्यांना आत घेतलं आणि पाणी दिलं. पाणी प्यायचं तर चिमटा खाली ठेवावा लागला असता, म्हणून ते प्यायले नाहीत. त्या संध्याकाळी डोक्याच्या पानावर ते एक तिकीट बसलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वन्संना डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढवले, गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं की हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे. वाद घालू नका, हातांना सवयीचं काम असू द्या. मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? भावजींच्या समोर विचारलं. डॉक्टर म्हणाले, फार फरक पडला नसता. खरं सांगितलं की दया केली, मला माहीत नाही.

सवयीचं काम एकच उरलं होतं. स्वैपाक गेला, निवडणं-टिपणं गेलं, माझं नाव गेलं, परात राहिली. आणि वार कळेनासे झाल्यामुळे वन्संना रोजच रविवार. उठल्या की परातीत पाणी घेऊन बसत आणि पाकिटं मागत. पाकिटं येणार कुठून? पत्रं कोण लिहितं आता? बँकेच्या पाकिटाला तिकीट नसतं, नुसता छाप असतो. पाकीट मिळालं नाही की त्या हाताला येईल ते भिजवत. विजेचं बिल भिजवलं, गणपतीच्या अभिषेकाची पावती भिजवली, मी दाखवायला नेलेला माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे भिजवला. त्यातून काही सुटेना तेव्हा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि जो येईल-जाईल त्याला, भिया, डाक लाए क्या, भिया, डाक लाए क्या. नाही म्हटलं की रडत. लहान मुलासारख्या नव्हे. म्हाताऱ्या बाईसारख्या, आवाज न करता.

मी तीन गल्ल्यांवरून त्यांना पत्रं पाठवायला लागले. पोस्टाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, अम्मा, इतने में तो पैदल दे आओ. मी म्हटलं, तू तिकीट दे, छापील पट्टी चिकटवू नकोस. माझी पत्रं वन्सं न उघडताच भिजवत आणि परातीतलं पाणी निळं होई. कुणी वाचली नाहीत ते बरंच झालं. ‘इकडील सर्व क्षेम’ याच्यापुढे मला पत्र लिहिता येत नाही, आणि तेवढंही खोटं होतं. पण इंदुरातल्या इंदुरात पत्राला चार-चार दिवस लागतात, आणि वन्संना रोज हवं.

मग एका दुपारी गेले तर वन्सं झोपलेल्या आणि भावजी ओट्याशी उभे राहून मैद्याची खळ शिजवत होते. मी विचारलं, काय करून राहिलेत भावजी? टेबलावर सातवा अल्बम उघडा होता, तळपायाचा. त्यांनी चिमट्याने एक तिकीट उचललं, पाठीला खळ लावली आणि जुन्या पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात ते दाबून बसवलं. मग दुसरं. मग तिसरं. पन्नास वर्षं पाकिटावरून सोडवलेली तिकिटं परत पाकिटावर. मी म्हटलं, निदान डबल असलेली आधी वापरा. ते म्हणाले, ‘ती गेल्या महिन्यात संपली.’

एक तिकीट चार-पाच सकाळी चालतं. मग रंग उडतो, कडेचे दाते झडतात, आणि एक दिवस ते वन्संच्या बोटावरच विरतं. दिवाळीपर्यंत पाय आणि पोट संपलं. संक्रांतीच्या सुमाराला फुप्फुसं गेली. क्यूबा आणि जपान शेवटी एकाच पाकिटावर शेजारी बसून गेले. जे लावून आमच्या यांना कुठे पाठवायचं ते ठरलं नव्हतं, ते हृदयाचं तिकीट मी स्वतः परातीत विरताना पाहिलं. जमवणाऱ्यांपैकी एक जण अल्बम माझ्याकडे सांभाळायला द्या म्हणून सांगायला आले होते. भावजींनी त्यांना चहा-शेव देऊन परत पाठवलं. कचरागाडीवाला आता ओलं की सुकं विचारत नाही. पाकिटं हातात घेतो, दोन्ही डब्यांकडे बघतो आणि आपल्या सीटखाली ठेवतो.

हे ऐकून आमच्या शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, काय प्रेम आहे हो, तिकिटांचं औषध केलं. मला नाही पाणी येत. औषधाने माणूस बरा होतो. इथे कुणी बरं होत नाही. वन्सं दर महिन्याला थोड्या जातात, अल्बम दर महिन्याला थोडा रिकामा होतो, आणि दोन्ही संपल्यावर भावजी त्या घरात काय करतील ते मला सुचत नाही. मी त्यांना विचारलेलंही नाही. परात पुढ्यात असली की सकाळचा दीड तास वन्सं फाटकाशी जात नाहीत, एवढंच. दीड तासासाठी माणसाने पन्नास वर्षं पाण्यात घालावीत का? मला विचाराल तर नाही. मला कुणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा डोळेसुद्धा संपले होते. पहिलं पान तेवढं राहिलं होतं. ते एक तिकीट भावजी ठेवून घेतील असं मी धरून चालले होते. पण परातीत एक पाकीट होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात ती अर्ध्या चेहऱ्याची बाई. वन्सं बोटांनी पाणी हलवत बसल्या होत्या. त्यांनी ओढलं नाही. सुटलं तेव्हा बोटावर घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. पूर्वी क्वचित एखादं तिकीट हातून खराब झालं तर भावजींकडे जसं बघायच्या तसं त्यांनी बघितलं.

‘अहो, हिचा अर्धा चेहरा पुसला गेला. माझ्याकडून पाण्यात फार वेळ राहिली.’

कित्येक महिन्यांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. भावजी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला. भिंग न घेता त्यांनी तिकीट पाहिलं.

‘नाही गं,’ ते म्हणाले. ‘तुझं काही चुकलं नाही. ती तशीच आली होती.’

वन्संनी मान हलवली. तिकीट वर्तमानपत्रावर ठेवलं, आणि नेहमी पालथं ठेवतात ते या वेळी उताणं ठेवलं. बाहेर कचरागाडीचं गाणं आलं आणि पुढे गेलं, कुणी उठलं नाही. तिकीट वाळेपर्यंत मी थांबले. घरी येताना पोस्टात वळून एक पाकीट घेतलं, तिकीट लावून घेतलं आणि त्यांचा पत्ता घातला. आत या खेपेला क्षेम लिहिलं नाही. कोरा कागद घातला.